थोमाच्या हातातला गुण्या

श्रीगोंद्याकडच्या आमच्या चर्चमधल्या संत थोमाच्या हातात काटकोन बघायचा गुण्या आहे. म्हणून सहादू गवंडी नवं काम धरलं की आपला गुण्या त्याच्या पायाला लावायला यायचा. मी इथला धर्मशिक्षक. मला ते खटकायचं. बाहत्तरच्या दुष्काळात तो विहीर बांधायला निघाला, तेव्हा मी सुनावलंच.

"हा गवंडी नाही. हिंदुस्थानात शुभवर्तमान घेऊन आलेला येशूचा शिष्य आहे. पण संशयी. येशू मरणातून उठला, हे जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला."

सहादूनं चर्चच्या भिंतीवरून तळवा फिरवला.

"गवंडीच की मग, मास्तर. हात लावल्याबिगर आमी बी भिंत कबूल करत न्हाई."

मी त्याचा गुण्या घेतला आणि थोमाच्या पायाशी ठेवला.