ओली पट्टी

नळी बसवली त्या दिवशीचं शकुबाईला सगळं लख्ख आठवत होतं, आणि तीच तर पंचाईत होती. किडन्या निकामी झाल्या म्हणून तिला आर्णीहून यवतमाळच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा अंगभर सूज होती. तोंडावर हिरवं कापड टाकून तिची मान डावीकडे वळवली. सुईनं जागा बधिर झाली, फारसं दुखलं नाही. पण मानेत कुणीतरी जोर लावून काहीतरी सारतंय हे कळत होतं. हलायची सोय नव्हती. कापडाखाली तिला वाटलं, आता आपला श्वास इथंच संपतो.

ऑपरेशन करून जोडलेली हातातली शीर फुगून डायलिसिसच्या कामाची होईपर्यंत ती दुतोंडी नळी मानेतच राहणार होती. पट्टी भिजू द्यायची नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, थंडी वाजून ताप आला तर तडक यायचं, असं सिस्टरनं बजावलं होतं. सून अपेक्षा रोज ओल्या टॉवेलनं सासूचं अंग पुसून द्यायची.

पण चैत्राच्या उन्हात डोकं खाजून खाजून शकुबाईचा जीव मेटाकुटीला आला. एके दिवशी घरचे लग्नाला गेले, तशी तिनं वाकून दोन तांबे पाणी डोक्यावर ओतलं. पाणी कानामागून ओघळत पट्टीत शिरलं. तिनं पंख्याखाली बसून पट्टी वाळवली, सुटलेली कड अंगठ्यानं दाबली आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

दोनेक दिवसांनी भर दुपारी तिला हुडहुडी भरली. सदाशिवराव वावरातून आले, तर बायको गोधडीत गुंडाळलेली.

"काहून वं, ह्या उन्हात गोधडी?"

"उगंच. कूलरची हवा लागली."

"कूलर तं बंद हाये."

त्यांनी सुनेला हाक मारली. अपेक्षानं कपाळाला हात लावला, पदर बाजूला केला. पट्टीची कड पिवळी पडली होती. शकुबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"दवाखान्यात नोको नेऊ, बाई. हे काढतीन अन् दुसरी घालतीन. मले ते कापड पुन्हा तोंडावर नोको."

"मले बी भेव लागून राह्यलं, आत्याबाई," अपेक्षा म्हणाली. "पण घरी ठेवायचं भेव त्याहून मोठं हाये. चला."

शेजारच्या देवसिंगनं गाडी काढली. वाटभर शकुबाईचे दात वाजत होते. पुढं बसलेले सदाशिवराव सारखे मागं वळून पाहत. पट्टी कशी भिजली म्हणून ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. नळी थेट काळजापाशी जाते असं तिनं वॉर्डात ऐकलं होतं. आता तिथं काय पोचलं असेल, या विचारानं तिनं डोळे मिटले.

डॉक्टरांनी रक्तात जंतू गेल्याचं सांगितलं. नळी काढली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. ताप उतरला, पण डायलिसिस लांबलं तशी धाप वाढली. डावीकडून नवी नळी घालायची ठरली.

तिला टेबलावर निजवलं. कापड तोंडावर यायच्या आत ती कशीबशी म्हणाली, "सायेब, ते थोडं उचलून धरता येईन का? मले जीव गुदमरल्यावानी होते."

"अहो, मग मागच्या वेळी सांगायचं ना," डॉक्टर म्हणाले. एका सिस्टरनं कापडाची कड वर धरली. तेवढ्या फटीतून शकुबाईला सिस्टरची हनुवटी आणि खिडकीचा तुकडा दिसत राहिला. भीती तसूभरही कमी झाली नाही, पण श्वास येत-जात होता.

घरी आल्यावर ती कुशीवर वळतानाही घाबरायची. एकदा पहाटे अंगावर काटा आला, तर तिनं स्वतःच अख्खं घर उठवलं. यवतमाळला पोचल्यावर कळलं, काही नाही, गार वारं लागलं होतं. परतीच्या एसटीत ओशाळून ती म्हणाली, "उगाच हेलपाटा झाला तुमाले."

"होऊ दे," सदाशिवराव म्हणाले आणि खिडकीची काच ओढून घेतली.