एका रात्रीचा मुक्काम

मेहुण्याची, भैय्याजींची राख सावडून जंगलखात्याचा नाकेदार वासुदेव घरी आला, तर दारात रेंजरसाहेबांचा शिपाई उभा. उद्या सकाळी ऑफिसात हजर व्हा, एवढाच निरोप. कशासाठी ते शिपायानं सांगितलं नाही आणि वासुदेवानं विचारलंही नाही. टेकडीवरच्या चौकीचं प्रकरण आता निघणार, हे त्याला तिरडी उचलली तेव्हाच कळून चुकलं होतं.

हिंगणीच्या बाजूच्या जंगलातली ही चौकी जंगलखात्यानं इंग्रजांच्या वेळी बांधली होती. एक खोली, दगडी भिंती, वर मातीचे कवेलू, पुढं हातभर ओसरी आणि ओसरीत पाण्याचा रांजण. टेकडी ओलांडून पलीकडच्या गावांना पायी जाणाऱ्याला त्या वाटेवर दुसरं छप्पर नव्हतं. उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवणारे मजूर तिथं राहत, एरवी सोयऱ्याधायऱ्यांकडे निघालेली माणसं, लाकूडफाटावाले, कधी वरातीतले दमलेले म्हातारे टेकत. दाराशेजारी भिंतीवर डांबरानं लिहिलेलं होतं : वाटसरूंसाठी. मुक्काम एक रात्र.

कार्तिकापासून त्या चौकीत बापूराव आणि त्याची बायको धुरपता राहत होती.

बापूराव पायथ्याच्या गावचा कोतवाल. साठीला आलेला, उंच, काटक माणूस. त्याच्या बापानं आणि आज्यानं केलं तेच तो करत आला होता. दवंडी द्यायची, सरकारी कागद पोचवायचे, गावात ढोर मेलं की ओढून न्यायचं. छप्पन सालच्या दसऱ्याला तो आणि धुरपता नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर आठव्या दिवशी मालगुजाराचा, गावच्या जमीनदाराचा बैल मेला. बापूराव वाड्यासमोर जाऊन सांगून आला की हे काम आता होणार नाही. भांडला नाही, आवाजही चढवला नाही. त्यानंतर त्याला गावात काम मिळालं नाही, दुकानात मीठ मिळालं नाही. त्याची झोपडी मालगुजाराच्या जागेवर होती, ती खाली कर म्हणून सांगणं आलं. गाव त्याला जन्मभर बापू म्हणत आलं होतं. आता तो नाव विचारलं की बापूराव असं पुरतं सांगायचा, आणि बैलापेक्षा लोकांना तेच जास्त खुपलं असं वासुदेवाला वाटे.

लेक रोहण्याला दिलेली, तिच्या घरी एका खोलीत सात माणसं. म्हणून दोघं टेकडी चढून चौकीत आले. दोन दिवस राहतो म्हणाले होते. वासुदेव गस्तीवर गेला की ती ओसरी झाडलेली, रांजण भरलेला दिसायचा. झऱ्यावरून धुरपता दोन खेपांत पाणी आणायची. बापूराव मोळ्या बांधून हिंगणीच्या बाजाराला न्यायचा. वाळलेल्या लाकडाच्या, म्हणून वासुदेव काही बोलायचा नाही. पण त्या रांजणातलं पाणी तो कधी प्यायला नाही. तहान लागली तरी खाली नाल्यापर्यंत जायचा. धुरपता ते पाहायची.

हळूहळू वाट बदलली. गावची माणसं चौकीला वळसा घालून जाऊ लागली. कोणी ओसरीतही टेकेना.

आणि फाल्गुनात गारपीट झाली.

भैय्याजी म्हणजे वासुदेवाच्या धाकट्या बहिणीचा, मनकर्णेचा नवरा. शांत, हसरा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पलीकडच्या गावी पोरीसाठी स्थळ पाहून ते एकटेच परत येत होते. दुपारी तीनच्या सुमाराला आभाळ काळंठिक्कर झालं, वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. भैय्याजी त्या वेळी चौकीसमोर होते. चौकीपासून तीस पावलांवर मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी ते धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन बसले. वीज त्याच झाडावर पडली.

वासुदेव पोचला तेव्हा बापूरावानं त्यांना उचलून ओसरीत आणून ठेवलं होतं. अंगावर धुरपताचं लुगडं पांघरलेलं. गारांनी बापूरावाची टाळू फुटून रक्त कानामागे वाळलं होतं.

"म्या तीनदा हाक मारली, नाकेदार," तो म्हणाला. "आत या म्हटलं. नाई आले. मंग आमाले वाटलं, आमी हावो म्हणून येत नसतीन. तर आमी दोघंबी बाहेर झालो. धुरपता तिकडच्या भिंतीले उभी राह्यली, मी इकडे. म्हटलं, खोली खाली हाय, आता तरी या. त्यायनं नुसता हात हालवला."

वासुदेवानं ते ऐकलं. पण गावात ते सांगायला तो कुठं गेला नाही. गावात तोवर दुसरंच बोलणं पक्कं झालं होतं : चौकी त्यांनी बळकावली नसती तर भैय्याजी आज जिते असते. मातीवरून परतताना माणसं हेच बोलत होती, आणि घरात मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती, ती बोलतच नव्हती. मालगुजाराच्या मुनीमानं अर्ज लिहिला, त्यावर बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले.

तोच अर्ज दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेबांच्या टेबलावर होता.

"नाकेदार, पाच महिने माणूस सरकारी चौकीत राहतो आणि तुमचा एक कागद नाही?" साहेबांनी विचारलं. ते नागपूरकडचे होते, कामाला चोख, बोलायला कोरडे.

"साहेब, त्यांना जागा नव्हती."

"जागा देणं आपलं काम नाही. नियम एका रात्रीचा आहे."

वासुदेवाच्या मनात आलं ते त्यानं धीर करून बोलून टाकलं. "साहेब, मागं एक बैरागी तिथं तीन वर्षं राहिला. तेव्हाही कागद नव्हता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तेव्हा तक्रार नव्हती. आता आहे. शिवाय माणूस मेला आहे. आठ दिवसांत चौकी खाली करा, पंचनामा आणून द्या आणि कुलूप लावा." मग म्हणाले, "मेलेला तुमचा मेहुणा होता ना? मग तुम्हाला कशाला जड जातं?"

वासुदेव नमस्कार करून बाहेर पडला.

सात दिवस त्यानं असेच घालवले. मालगुजाराकडे जाऊन झोपडीची जागा परत द्या म्हणून बोलून पाहिलं. मालगुजार म्हणाले, येऊ दे की, कोण नको म्हणतं, फक्त पहिलं काम पहिल्यासारखं करावं. हा निरोप वासुदेवानं टेकडीवर नेलाच नाही. उत्तर त्याला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी सकाळी तो दोन पंच घेऊन चौकीवर गेला. पंच गावचेच. ते ओसरीत चढले नाहीत, अंगणातल्या दगडांवर बसले. ऊन आत्ताच चटकायला लागलं होतं. जळक्या मोहाखाली फुलं पडून सडली होती, वेचायला कोणी आलं नव्हतं.

बापूराव दारातच होता. वासुदेवाच्या हातातला कागद पाहून तो काय समजायचं ते समजला.

"आज?"

"आजच. साहेबांचा हुकूम आहे, बापू. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हाती होतं तवा तुमी पाच महिने राहू देलं," बापूराव म्हणाला. "ते मी इसरत नाई."

धुरपता आतून सामान काढू लागली. दोन गोधड्या, तवा, पितळी गडवा, पिठाचा डबा, कुऱ्हाड. भिंतीला लावलेली एक तसबीर तिनं पदरात गुंडाळून बोचक्याच्या मधोमध ठेवली. तेवढंच सामान होतं. मग तिनं खराटा घेतला आणि रिकामी खोली कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडून काढली.

"राहू दे वो धुरपता," वासुदेव म्हणाला. "आता कोण येणार आहे इथं?"

"काऊन? आमी गेल्यावर येतीनच की लोक," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून वासुदेवाला ते ऐकवलं नाही. "मले एकच सांगा. ते तुमचे भाऊजी. तुमी त्यायच्या घरचे. आमी दोघं गारांत उभे राह्यलो तरी ते आत काऊन नाई आले?"

"मला नाही माहीत."

"मी रोज इचार करून राह्यली. काई समजत नाई."

वासुदेवानं पंचनामा उघडला. मजकूर रेंज ऑफिसातल्या कारकुनानं आधीच लिहून दिला होता. बापूरावाला वाचता येत होतं. कोतवालकीत अक्षरं शिकला होता तो. त्यानं कागद लांब धरून ओठ हालवत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सोखुशीनं, असं लिहिलं हाय. सोखुशीनं जागा सोडली."

"असंच लिहितात, बापू. रिवाज आहे."

"तेवढं खोडा. मी सही करतो. हुकमावरून सोडली, असं लिहा. आनखी एक लिहा. भैय्याजी पाटलाले तीन हाका मारल्या. आमी खोली खाली केली होती. ते नाई लिहिलं तर बेचाळीस लोकाईचंच खरं होईन. उद्या माह्या लेकीच्या दारात कोणी म्हणीन, तुह्या बापानं माणूस मारला."

पंच अंगणातून पाहत होते. वासुदेवानं पेन हातात धरलं होतं. त्याला वाटलं, एक ओळ लिहायला काय लागतं. आणि मग त्याला साहेबांचा चेहरा दिसला, गावातलं आपलं घर दिसलं, विहिरीवर गेलेली बायको दिसली.

"ते यात येत नाही, बापू," तो म्हणाला. "हा जागेचा पंचनामा आहे."

बापूरावानं कागद होता त्याच घडीवर दुमडून परत केला. "मंग माही सही बी यात येत नाई."

त्यानं बोचकं डोक्यावर घेतलं, धुरपतानं डबा काखेत धरला, आणि दोघं उतरणीला लागली. वासुदेवानं कागदावर लिहिलं : सही करण्यास नकार. पंचांनी अंगठे दिले. निघण्याआधी एकानं ओसरीत चढून रांजण लाथेनं कलंडवला. पाणी ओसरीवरून अंगणात वाहत गेलं.  वासुदेवानं कडी घातली आणि कुलूप लावलं.

तेराव्याला वासुदेव मनकर्णेच्या घरी गेला. जेवणं उरकून पाव्हणे पांगल्यावर दुपारी ती त्याच्यापाशी येऊन बसली. किती दिवसांनी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दादा, ते लोक गेले काय चौकीतून?"

"गेले. दोन दिवस झाले."

"कुठी गेले?"

"माहीत नाही."

ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत म्हणाली, "त्यायचा काई दोष नव्हता, दादा."



"पौषात हे एकदा तिथी थांबले होते. थंडी होती म्हणून. बापूच्या हातचा चहा घेतला. घरी येऊन मले हासत हासत सांगतलं. मी त्यायले अंगणात उभं केलं, डोक्यावरून पाणी घातलं. आठ दिवस चुलीपाशी येऊ नाई देलं. ताट दूर सरकवत होती मी. आठव्या दिवशी लेकीच्या डोक्यावर हात ठेवाले लावला आणि शपथ घेतली त्यायच्यापासून, का मेलो तरी त्या चौकीत पाय ठेवीन नाई." तिचा आवाज जराही हालला नाही. "त्यायनं शपथ पाळली."

बाहेर कोणीतरी पत्रावळी गोळा करत होतं. वासुदेवाला धुरपताचा प्रश्न आठवला. उत्तर आता त्याच्यापाशी होतं आणि ते घेऊन जायला ती कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं.

"हे तू आधी का नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? सारे म्हणून राह्यले होते, त्यायनं मारलं. मले तेच बरं वाटत होतं." मग तिनं त्याचा हात धरला. "तू कोणाले सांगजो नको, दादा. पोरीचं ठरून राह्यलं हाय. लोक काय म्हणतीन?"

"नाही सांगत," वासुदेव म्हणाला. आणि त्यानं ते सांगितलं नाही, ना साहेबांना, ना गावाला, ना घरात बायकोला. वैशाखात पोरीचं लग्न झालं. मामा म्हणून तो अंतरपाटाशी उभा राहिला.

चौकी त्यानंतर कोणाच्याच उपयोगी पडली नाही. साहेबांनी किल्ली ऑफिसात मागवून घेतली. वाटसरूनं आधी ऑफिसात येऊन परवाना घ्यावा असा नवा नियम निघाला, आणि परवान्यासाठी चार कोस उलटं कोण चालतंय? वणव्याचे मजूर नाल्याकाठी पाल ठोकून राहू लागले. पुढच्या पावसाळ्यात वानरांनी कवेलू सरकवले आणि आत गळू लागलं. दुरुस्तीचा अर्ज वासुदेवानं दोनदा केला. वापर नसल्याचा शेरा मारून तो परत आला.

बापूरावाची खबर त्याला दीड वर्षानं लागली. वर्ध्याला जिल्हा कचेरीत कामाला गेला असताना हिंगणीचा एक ओळखीचा गाडीवान भेटला. बोरगाव मेघेकडे विटाभट्टीवर ते दोघं कामाला होते, तो सांगत होता. धुरपता मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. बापूराव अजून तिथंच विटा वाहतो, पण ऐकू कमी येतं, बोलत नाही फारसा.

कचेरीतलं काम दुपारी संपलं. बोरगाव तिथून चालत तासाभराच्या आतलं. वासुदेव त्या रस्त्यानं निघाला. गावाबाहेर पडल्यावर भट्ट्यांचा धूर दिसू लागला, विटांचे ढीग, डोक्यावर पाट्या घेऊन ओळीनं चाललेली माणसं. इतक्या लांबून त्यांतला बापूराव कोणता ते कळत नव्हतं. वासुदेव रस्त्याच्या कडेला बाभळीखाली थांबला. जाऊन काय सांगायचं, हे तो मनात जुळवत होता. बहिणीला दिलेला शब्द मोडायचा, तर ज्या बाईनं विचारलं होतं ती राहिली नव्हती. नाही मोडायचा, तर मग भेटून बोलायचं काय.

भट्टीवरची जेवणाची सुट्टी झाली, माणसं सावलीला बसली, पुन्हा उठली. उन्हं कलली. वासुदेव तिथून माघारी फिरला आणि शेवटच्या मोटारीनं घरी गेला.