ढवळ्याचं आवतण

सुभद्रा आणि गोपिका या जावा. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या, एकाच नळावर पाणी भरायच्या आणि एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. भांडण कशावरून झालं म्हणाल, तर चारचौघांत सांगण्याजोगं काही नव्हतं. रामटेककडचं शेत मोडून दोघे भाऊ नागपुरात आले. थोरला देवाजी, सुभद्रेचा नवरा, गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागला, धाकटा रुपराव, गोपिकेचा नवरा, एका कारखान्यात. गावी एका चुलीवर सगळ्या खटल्याचा स्वयंपाक करणाऱ्या या बायकांना शहरातल्या दोन खोल्या मात्र पुरल्या नाहीत. कोणाचा हंडा नळाखाली आधी, कोणाच्या वरणात मीठ जास्त, असल्या गोष्टींवरून चुली वेगळ्या झाल्या आणि मधल्या दाराला खिळे ठोकले गेले. बायकांच्या मागोमाग भाऊही मुके झाले. भावांनी तेवढंच केलं, दुसरं काही केलं नाही.

भांडीकुंडी वाटली, देवघरातले देव वाटले. राहिला कुत्रा. तो काही कोणाला वाटून घेता आला नाही.

पांढराशुभ्र, उंच कानांचा, गावाहून शेवटच्या बैलगाडीत पिलू म्हणून आलेला. त्या गाडीचा ढवळा बैल विकावा लागला, तेव्हा सुभद्रेनं त्याचंच नाव पिलाला ठेवलं, ढवळ्या. गोपिकेनं वेगळी चूल मांडली आणि ती हट्टानं त्याला टायगर म्हणायला लागली. तो दोन्ही नावांना शेपूट हलवायचा आणि दोन्ही घरी जेवायचा. सुभद्रेला मूलबाळ नव्हतं. दुपारी दारात पाय पसरून ती त्याच्याशी बोलायची, गोपिकेला ऐकू जाईल अशा बेतानं.

त्या श्रावणात पलीकडच्या आळीत एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं. दोन दिवसांनी सायकल रिक्षावरून महापालिकेचा भोंगा फिरला: ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नाही ते बेवारस समजलं जाईल, विष घालून मारलं जाईल.

सुभद्रेनं लगेच ट्रंक उघडली. तळाशी ढवळ्या बैलाचा गळपट्टा होता, कवड्या जडवलेला, मधोमध पितळी घंटी. तो काढून तिनं कुत्र्याच्या गळ्यात घातला, तर तो कानांवरून घसरून सरळ पुढच्या पायांत आला.

"अवं, बैलाचा पट्टा कुत्र्याले कसा व्हईन?" देवाजी हसला. "मान मोडन त्याची."

"मोची कापून देते न जी. अर्धा कापला का बसते बरोब्बर."

"बजारात भेटते तयार."

"बजारातला काहून? आपल्या घरचा हाय न."

मोच्याकडे सणासुदीचं काम तुंबलं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी देतो म्हणाला. तोवर सुभद्रेनं ढवळ्याला दोरीनं दाराशी बांधून ठेवलं. आणि दुसऱ्याच दिवशी ती नळावरून परत येते तो काय, दोरी सुटलेली, आणि ढवळ्याच्या गळ्यात लालभडक चामड्याचा, चकचकीत बकलाचा, सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला पट्टा.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पट्टा बांधला म्हणजे कुत्रा कोणाचा, हे आता सगळ्या आळीला न सांगता कळणार होतं. शेजारची तारा तर म्हणालीही, "गोपिकाबाईचा टायगर सायबाच्या कुत्र्यासारखा दिसून राहिला!" सुभद्रा तोंड दाबून बसली. बोलायचं कोणाशी? बोलणं तर बंद.

पण तिचं लक्ष होतं. पट्टा घट्ट होता. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं तरी शिरायला हवीत, हे बैलाचं जू बघितलेल्या कोणालाही कळतं. ढवळ्या मागच्या पायानं मान खाजवायचा, भिंतीला घासायचा. चार दिवसांत पट्ट्याखालचे केस गेले आणि कातडं लाल झालं. सुभद्रेचा जीव तुटायचा. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटायचं. बघा म्हणावं शहरी नखरे, जनावराची मान सोलून काढली.

पोळ्याची आदली संध्याकाळ आली. गावी या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. लग्न होऊन आलेल्या गोपिकेला हे सगळं सुभद्रेनंच शिकवलं होतं. पोरगी तेव्हा बैलाला भ्यायची. सुभद्रेनं तिचा हात हातात धरून तो बैलाच्या मानेवर फिरवला होता. आता बैल नव्हते. पण नावाचा का होईना, ढवळ्या होता.

गोपिका बाजारात गेल्याचं बघून सुभद्रेनं त्याला आत बोलावलं. लाल पट्ट्याचं बकल सोडलं आणि पट्टा न बघताच कणकेच्या डब्यामागे भिरकावला. मग वाटीत तूप आणि हळद कालवून तिनं त्याची मान मळली. पांढऱ्या केसांवर पिवळा रंग चढला. ढवळ्या डोळे मिटून उभा राहिला, अगदी बैलासारखा.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ती त्याच्या कानात म्हणाली. हे शब्द कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडातून निघाले होते. तिचे डोळे भरून आले.

मोच्यानं पट्टा सकाळवर ढकलला. लाल पट्टा पुन्हा घालता आला असता, तूप पुसून घातला असता तरी चाललं असतं. देवाजीनं विचारलंच, "गळा उघडा काहून हाय त्याचा?"

"सकाळी घालतो न आपला. उद्या पोळा हाय जी. पोळ्याच्या दिवशी जनावरावर कोन हात उचलते?"

तिचा यावर पक्का विश्वास होता. गावात पोळ्याला बैलावर कासरा उगारणाऱ्याला लोकांनी धुतलं असतं. हे शहर आहे, इथे पोळा म्हणजे नुसती सुट्टी आहे, आणि ती सुट्टीही सगळ्यांना नाही, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. आणि गोपिकेनं थोडं शोधावं, थोडं तडफडावं, हेही तिच्या मनात होतं. नव्हतं असं तिनं स्वतःलाही सांगितलं नाही.

ढवळ्या रात्री तिच्याकडेच निजला आणि पहाटे बाहेर पडला. सकाळी तिनं पुरण शिजवलं. पहिली पोळी तुपात भिजवून ताटलीत घेतली आणि मोच्याकडून पट्टा आणायला देवाजीला पिटाळलं. ताटली घेऊन ती दारात आली आणि "ढवळ्या, ये रे!" अशी हाक मारणार, तोच नळाकडून गोपिकेची किंकाळी आली.

ढवळ्या नळाच्या चौथऱ्याशी पडला होता. पाय ताणलेले, तोंडाला फेस. शेजारी अर्धा खाल्लेला लाडू. थोड्या अंतरावर खाकी कपड्यातला माणूस पिशवी खांद्याला लावून उभा होता आणि रुपरावानं त्याची कॉलर धरली होती.

"पट्टा होता त्याच्या गळ्यात! पट्टेवाला कुत्रा मारला तुम्ही!"

"कहाँ है पट्टा, भाऊ? तूच पाह्य न. गळा उघडा हाय. आमाले जे सांगतलं ते आमी केलं."

पट्टा नव्हता, हे रुपरावाला दिसलं. त्यानं त्या माणसाला सोडलं आणि सगळा राग बायकोवर काढला. "ढिला बांधला असशीन तू! एक काम धड करता येत नाही तुले! तुह्यापाई मेला तो!"

एवढ्यात देवाजी आला, हातात कापून आणलेला कवड्यांचा पट्टा. तो काही न विचारता खाली बसला. दोन्ही भावांनी मिळून कुत्र्याला चौथऱ्याजवळून उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचे हात एका कामाला लागले होते.

गोपिका रडत रडत ढवळ्याची मान कुरवाळत होती. मग ती थांबली. तिनं आपला तळहात बघितला. तो पिवळा झाला होता.

तिनं हळूच मान वर केली. सुभद्रा दारातच उभी होती, ताटली हातात घेऊन. रुपराव तिकडे ओरडतच होता. गोपिका नुसती बघत राहिली, आणि ती कशाची वाट बघते आहे हे सुभद्रेला पुरतं कळलं. एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आला नाही. तिनं मान खाली घातली आणि ती आत गेली.

दुपारी भावांनी नाल्याकाठी खड्डा खणायला घेतला. तेव्हा गोपिका दाराशी आली. वेगळी चूल मांडल्यापासून पहिल्यांदाच.

"बाई," ती म्हणाली, "पट्टा द्या. त्याच्यासंगं पुरतो."

"कोणता पट्टा?" सुभद्रा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

"तुम्हीच शिकवलं होतं मले, मान कशी मळाची ते," गोपिका म्हणाली. "आवतण तुम्ही देलं अन् जेवू दुसऱ्यानं घातलं." आणि ती गेली. जाताना तिनं रागानं दारसुद्धा आपटलं नाही.

सुभद्रेनं कणकेचा डबा सरकवला. पट्टा पिठानं माखला होता. तो झटकताना तिचं बोट आतल्या बाजूला लागलं आणि तिथे मऊ लागलं. पट्ट्याच्या आतून फलालीनचं कापड शिवलेलं होतं, बारीक टाक्यांनी, अगदी नवं. शेवटच्या भोकाच्या पुढे खिळ्यानं पाडलेलं एक नवीन भोकही होतं. गोपिकेनं पट्टा सैल केला होता. जखम तिलाही दिसली होती.

ती पट्टा मांडीवर घेऊन बसली. ताटलीतली पोळी तशीच होती, तूप थिजून गेलं होतं. खिळे ठोकलेल्या दारापलीकडून संध्याकाळी रुपरावाचा आवाज आला. "साधा पट्टा बांधता येत नाही तुले!" गोपिका उलट एक शब्द बोलली नाही.

दाराच्या अलीकडे सुभद्राही बोलली नाही.