बाप्याच्या वजनाचा गूळ

मल्लिनाथ नको नको म्हणत असताना अंजूनं दुसरी पुरणपोळी त्याच्या ताटात टाकलीच, तेव्हा त्यानं खोकल्याचं निमित्त करून तोंडातला घास हळूच रुमालात उतरवून घेतला. हात सरावलेला होता. रुमालाची घडी झाली, घडी खिशात गेली, आणि वहिनी, पुरण झकास झालंय, असं म्हणून तो मोकळा झाला. शेजारी त्याचा थोरला भाऊ बसवराज तुपात पोळी बुडवून जेवत होता, त्याला पत्ता नव्हता. समोर भिंतीला टेकून बसलेल्या कमलम्मानं मात्र सगळं पाहिलं. लेक गावी आला की त्याचे रुमाल तीच धुवायची, तिला काय सांगायचं?

"अजून एक घ्या की भाऊजी," अंजू म्हणाली.

"भूक न्हाई वहिनी."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. इतकी वर्षं म्हणत आला होता की आता ते खोटं आहे हे त्याचं त्यालाही आठवत नसे.

शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला त्यांचं गाव. वेशीवर त्याच्या सत्काराचा फ्लेक्स अजून होता, उन्हानं विटलेला. घोड्यावर वाकलेला मल्लिनाथ आणि खाली ‘डर्बीवीर’ अशी अक्षरं. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं त्याचे गाल जरा भरून दिले होते. गावाचं नाव काढणारा माणूस उपाशी दिसतो म्हणजे काय, शोभतं का!

लोकांना वाटतं, जॉकीचं काम घोडा पळवणं. अहो, घोडा पळतोच, तो जन्मलाय त्यासाठी. जॉकीचं खरं काम हलकं राहणं. शर्यतीआधी काट्यावर उभं राहायचं, शर्यत झाली की पुन्हा उभं राहायचं, आणि मधल्या सगळ्या दिवसांत त्या काट्याच्या धाकात जगायचं. माळेगावच्या जत्रेत बिनखोगिराच्या घोड्यावर बसलेलं ते काटकुळं पोरगं एका ट्रेनरनं हेरलं, ते हे पोरगं फारसं वाढायचं नाही हे बघूनच. पुण्याला नेलं. पुढं मल्लिनाथनं मुंबईत, बंगळुरात, हैदराबादेत शर्यती मारल्या. पेपरात फोटो आले. पुण्यात फ्लॅट झाला, आणि त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात गॅसपेक्षा वजनकाटा जास्त वापरात राहिला. लग्नकार्याला तो जात नसे, कारण पंगतीत बसून न जेवणाऱ्या माणसाकडं सगळा मांडव बघतो. बायको केली होती. रोज एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय म्हणाली आणि माहेरी गेली ती गेलीच. तिची चूक काय होती? काही नव्हती. त्यालाही कंटाळा यायचा, पण त्याला जायला माहेर नव्हतं.

आता तो आला होता ते बसवराजच्या फोनमुळं. अव्वाला तुझा नवस फेडायचा आहे, सोमवारी महादेवापुढं गुळानं तुझी तुला करायची आहे, लई मागं लागली आहे, एवढंच बसवराज म्हणाला होता. पुढच्या रविवारी बंगळुरात मोठी शर्यत होती. एक दिवस जाऊन येऊ, असा हिशेब करून मल्लिनाथ लातूरला उतरला होता.

जेवणं झाल्यावर अंजूनं चहा टाकला. कमलम्माचा कप तिनं साखर घालायच्या आधी बाजूला काढला. मल्लिनाथनं सहज विचारलं की अव्वाची शुगर आता किती आहे.

अंजू हातातलं गाळणं धरून उभीच राहिली.

"त्यांना शुगर कुठं हाय भाऊजी? तुमच्या नवसाचं हाय ते. तुम्हाला ठाव न्हाई?"

ठाऊक नव्हतं. मग अंजूनंच सांगितलं, सासूनं कधीतरी सांगितलेलं. मल्लिनाथ जन्मला तेव्हा तळहातावर मावेल एवढा होता. कापसात गुंडाळून ठेवला होता. राहत नाही म्हणून सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा कमलम्मा महादेवापुढं जाऊन बोलून आली: लेकरू जगू दे, बाप्या माणसाएवढं भरू दे, बाप्याच्या वजनाचा गूळ वाटीन, आणि तोवर गोडाचा कण जिभेवर ठेवणार नाही. लेकरू जगलं. मोठं झालं, नाव काढलं. भरलं मात्र नाही. भरू नये म्हणूनच तर ते तिकडं पुण्यात जिवाचं रान करत होतं.

मल्लिनाथ कप तसाच ठेवून बाहेर गेला. कमलम्मा ओट्यावर सुपात तूर निवडत होती. तो शेजारी बसला. बराच वेळ त्यानंही तूर चिवडली.

"अव्वा, मला कामून सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? घोडा सोड म्हणून? तू तिकडं उपाशी राहिलास, म्या हिकडं वाट बघितली. दोघांचं चालून राहिलं होतं की."

"मग आताच कामून?"

ती सुपातला खडा शोधत राहिली.

"म्या थांबंन रे. देव किती दिस थांबतो कुणास ठाव."

"पण म्या तर भरलो न्हाई अजून."

"ते बघू," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. मल्लिनाथला एकदम भडभडून आलं. एवढ्या शर्यती जिंकलो, आणि घरात एक बाई एवढ्याशा गुळासाठी आपल्यापायी हरत बसली आहे, हे आपल्या गावीही नव्हतं. त्यानं रुमाल काढायला खिशात हात घातला आणि आतला घास हाताला लागला.

सोमवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाला आडतीतली जुनी तागडी टांगली होती. मोठी, साखळदंडांची, पूर्वी पोती तोलायची. गावातली बरीच माणसं जमली होती. चालीप्रमाणं नवसाचा गूळ आधी पारड्यात मांडायचा आणि मग माणसानं बसायचं. ढेपा मांडून झाल्या. देवळाचे पुजारी महांतेश स्वामींनी त्यांवर विभूती लावली, बेल ठेवला आणि मल्लिनाथला बसायची खूण केली.

तो वरच्या रिकाम्या पारड्यात चढून बसला. पारडं हललंसुद्धा नाही. गुळाचं पारडं जमिनीला टेकलेलं, आणि मल्लिनाथ वर, पाय लोंबकळत.

बसवराज वरमून खालीच बघायला लागला. मग कळलं ते असं की, बाप्याचं वजन म्हणजे किती, हे ठरवायला कमलम्मानं आठवड्यापूर्वी थोरल्याला गिरणीतल्या काट्यावर उभं केलं होतं. बसवराज काही लहानसहान गडी नव्हता. तेवढाच गूळ तिनं तोलून आणला होता.

"नाकापेक्षा मोती जड झाला की," मागून एक म्हातारा बोलला. माणसं हसली, वाईट हेतूनं नव्हे.

बसवराज दोन ढेपा काढायला पुढं झाला तसं स्वामींनी हात आडवा केला. बेल पडलेला गूळ माघारी काढत नाहीत, देवाचा झाला तो. मग कुणी सुचवलं की मल्लिनाथच्या बाजूला एखादा दगड टाका. हे ऐकून मल्लिनाथला इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. जॉकीचं वजन कमी भरलं की रेसकोर्सवरही हेच करतात, खोगिरात शिशाचे तुकडे घालतात. जन्मभर तो तसाच तोलला गेला होता, थोडा माणूस आणि थोडं शिसं.

"टाका दगड," तो म्हणाला. त्याला हे लवकर संपायला हवं होतं.

"दगडाचा नवस न्हवता बोलले म्या," कमलम्मा म्हणाली. तिनं पदर खोचला. "पारडं खाली वढा रे."

दोन पोरांनी साखळी ओढून पारडं खाली घेतलं आणि कमलम्मा लेकाला खेटून त्यात बसली. पोरांनी साखळी सोडली. पारडं कुरकुरलं, थोडं वर गेलं, खाली आलं, आणि गुळाच्या जवळजवळ बरोबरीला येऊन थांबलं. स्वामींनी नजरेनंच अंदाज घेतला. पुरे, म्हणाले.

तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. खोगिरात किती शिसं आहे हे मल्लिनाथला न विचारता मांडीला कळायचं, आणि आता आपल्या शेजारी किती माणूस उरलं आहे हेही कळलं. त्यानं साखळी सोडून आईच्या पाठीमागून हात घातला. ती लुगड्यात नुसती गुंडाळलेली होती. आपण हलके आहोत अशी घमेंड त्याला इतकी वर्षं होती, आणि आपल्याहून हलकं कुणी घरातच होत चाललंय हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

स्वामींनी ढेपेचा कोपरा फोडून दोघांच्या हातावर एकेक खडा ठेवला. मल्लिनाथचा हात सवयीनं खिशाकडं गेला. कमलम्मा समोर देवळाकडं बघत होती. तिच्या मुठीतला खडा मुठीतच होता.

"आधी तू," ती म्हणाली.

त्यानं खडा तोंडात टाकला. विरघळू दिला. गिळला. ती तिरप्या नजरेनं त्याच्या गळ्याकडं बघत होती. घोट खाली उतरलेला दिसला तेव्हा तिनं आपला खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. लोक प्रसादाला ढेपेभोवती गोळा व्हायला लागले, तरी स्वामींनी कुणाला गुळाला हात लावू दिला नाही.

"आधी अव्वांना उतरवा," ते म्हणाले.

बसवराजनं तिला हात दिला. तिचे पाय जमिनीला टेकले आणि मल्लिनाथचं पारडं सरकन वर गेलं. त्यानं दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. शेजारची जागा अजून कोमट होती. वरून त्याला आईचा पांढरा भांग दिसत होता. ती मान वर करून त्याच्याकडं बघत होती.

"उतर आता," ती म्हणाली. "भूक लागली असंल."

"हाव," मल्लिनाथ म्हणाला. "लई लागली."