बाराचे ब्याण्णव

लालबागच्या चाळीतले जिन्याचे दिवे कोणामुळे गेले, एवढंच रघुवीरला शोधायचं होतं. तो माणूस सापडल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. आधी सापडायला हवा होता.

बायको शेवंती पौषात गेली. संध्याकाळचे साडेसात झाले असतील. पाण्याची कळशी घेऊन ती तिसऱ्या माळ्यावर चढत होती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. पाय चुकला. चार दिवस इस्पितळात काढले आणि संपली. त्याआधी दीड महिना मालकाच्या ऑफिसातला माणूस येऊन जिन्याचे दोन्ही दिवे काढून घेऊन गेला होता. खाली नोटीस लावली होती: चाळीत कोणीतरी वीज चोरतो, चोर सापडेपर्यंत दिवे बंद.

रघुवीर त्याच ऑफिसात कारकून. नोटीस त्यानंही खरी मानली. जिन्याखाली लवूचं इस्त्रीचं दुकान होतं आणि लवूनं दिवाळीत विजेची इस्त्री घेतली होती. मग दुसरा चोर कशाला शोधायचा? ज्या लवूनं शेवंतीला खांदा दिला, त्याचीच गचांडी रघुवीरनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चौकात धरली.

"तुझ्या इस्त्रीनं माझी बायको खाल्ली!"

सगळी चाळ कठड्याला उभी राहून ऐकत होती. लवू एवढंच म्हणाला, "माझो मीटर वेगळो आसा. जाऊन बघ." कोणी बघितलं नाही. लवूकडे कपडे यायचे मात्र बंद झाले.

रघुवीरला पुरावा हवा होता. कामावर रुजू झाला त्याच दिवशी त्यानं मालकाच्या पाचही जागांची विजेची बिलं काढली. गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि शिवडीचं गोदाम. मॅनेजरकडच्या टाईप केलेल्या तक्त्याशी तो एकेक महिना ताडून बघत गेला. ऑक्टोबरात बाकीच्या जागा वीस-तीस युनिटांच्या घरात होत्या. लालबाग ब्याण्णव.

"सापडला," तो दात खाऊन म्हणाला आणि त्यानं लालबागचं मूळ बिल उचललं.

बिलावर बारा युनिटं होती.

त्यानं ते तीनदा वाचलं. बिल आणि टाईप केलेला तक्ता यांच्यामध्ये एकच कागद असायचा, बिलांवरून हातानं उतरवलेला कच्चा तक्ता. तो रघुवीरच लिहायचा. सत्तावन्न साल होतं, लालबागच्या भिंती मुंबईसह महाराष्ट्र मागत होत्या. कारकुनानं निदान आकडे तरी मराठीत लिहावेत, म्हणून त्या महिन्यात त्यानं पहिल्यांदा तसे लिहिले. गिरगाव ३२, दादर २३, परळ २०, शिवडी ३०. टायपिस्ट डिसोझाला मराठी येत नव्हतं, पण हे आकडे इंग्रजीसारखेच दिसतात, ते बरोबर उतरले. लालबागचे १२. मराठी एक त्याला इंग्रजी नऊ वाटला.

रघुवीर तिन्ही कागद घेऊन मॅनेजरच्या टेबलाशी गेला. मॅनेजरनं चष्मा लावून पाहिलं.

"कारकुनी चूक आहे. दिवे उद्या लावून देऊ. बाहेर बोलू नकोस."

"दोन दिव्यांना ब्याण्णव युनिटं कशी लागतील, साहेब?"

"कागदावर तसं होतं."

"बारा युनिटांचे पैसे भरलेत तुम्ही! एक माणूस जिन्यापर्यंत पाठवला असता तर? दिवे काढायला पाठवलात ना?"

"आवाज खाली. हस्ताक्षर तुझं आहे. बोभाटा झाला तर नोकरी तुझीच जाईल."

रघुवीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्याच्या थोबाडीत मारावी की स्वतःच्या, हे त्याला कळेना. तो मराठी एक आपण लिहिला, हे खरं. पण चोर ठरवायला या माणसाला एक आकडा पुरला. आणि आपल्याला तर आकडाही लागला नाही, नुसती इस्त्री पुरली.

तो तसाच चाळीत आला. लवू रिकाम्या टेबलाशी बसला होता. रघुवीर खाली वाकला आणि हळू आवाजात त्यानं सगळं सांगितलं.

लवूनं ऐकून घेतलं. मग उठून उभा राहिला.

"माका चोर म्हणालंस तेव्हा आख्खी चाळ ऐकत होती. आता कानात कित्याक सांगतंस रे?"

"नोकरी जाईल, लवू."

"माझो धंदो गेलो, तो दिसलो नाय तुका?"

रघुवीर चौकात जाऊन उभा राहिला. हाक मारली तशी माणसं कठड्याला आली.

"लवू चोर नाही," तो म्हणाला. "बाराचे ब्याण्णव झाले. बारा मी लिहिले, ऑफिसनं ब्याण्णव वाचले, आणि बघायला कोणी आलं नाही. मी इथंच राहतो, मीपण बघितलं नाही."

वरून सुंदराबाई ओरडली, "मोठ्यान बोल रे! तिसऱ्या माळ्यार ऐकाक येत नाय."

रघुवीरनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.