अकरा डुकरांची धनीण

सकाळी रांबू कोंगा केळीचा गाभा चिरत बसली होती. विळीवर हात सरासर चालत होते. शेजारी टोपलं भरत आलं, तेव्हा लेक लिका म्हणाली, "आई, डुकरं मरून सव्वा महिना झाला. हे कुणाला घालणारेस?"

"हातांना कुठं कळतंय गं," कोंगा म्हणाली आणि विळी बाजूला सारली.

डुकरांवर आलेल्या रोगाच्या साथीनं सुंबा बेटावरची गावंच्या गावं ओस पाडली होती. सरकारनं तातडीची मदत जाहीर केली आणि आज आमच्या गावात वाटप होतं. विधवा कोंगाची अकरा जनावरं गेली होती. लिकाला परिचारिकेच्या शाळेत जागा मिळाली होती. फी शुक्रवारपर्यंत भरायची होती.

गावच्या मांडवात पशुखात्याच्या साहेबांनी यादी वाचली. "अकरा डुकरं. मालक, उंबू न्दिमा."

न्दिमा म्हणजे कोंगाचा थोरला दीर. नवरा गेला की बाईचं सगळं त्याच्या कुळाचं, ही आमची रीत.

मागून एक म्हातारी खेकसली, "न्दिमाच्या अंगाला डुकराचा वास तरी कधी आला का रे!" बायका हसल्या. पुरुषांनी पानाच्या पिंका टाकल्या.

साहेब म्हणाले, "डुकरं दिराची होती असा बाईंनी अंगठा दिला, की पैसे आत्ता. वाद असेल तर रक्कम जिल्ह्याला परत जाईल."

"वाद कसला?" न्दिमा म्हणाला. "बाबांचा देह चार वर्षं पुढल्या खोलीत कापडांत बसलाय. या पैशांतून म्हैस आणून कापल्याशिवाय त्यांना पुरायचं कसं? दे अंगठा, कोंगा."

"भावजी, मामंजींची शेवटची अंघोळ मीच घातली. मला त्यांचा मान नाही का? पण लिकाची फी..."

"नर्स होऊन काय करणार ती? उद्या तिला मागणी आली की सोयऱ्यांकडून म्हशीच म्हशी येतील आपल्याकडं!"

लिकानं मान खाली घातली. ते कोंगानं पाहिलं.

मायबाप हो, देवानं जिवंतांना भूक दिली आणि मेलेल्यांना शांती. आपण मात्र मेलेल्यांना भूक लावून दिली आहे. ती भागवायला रोज एखादी जिती पोर लागते.

शाईत बुडवलेला अंगठा कोंगानं लुगड्याला पुसला.

"नाही देत. खोटं माझ्या हातून व्हायचं नाही."

"मग कुणालाच मिळणार नाही!" न्दिमा गरजला. "आणि आजपासून आमची चूलही तुला बंद!"

"बंद करा. साहेब, पैसे न्या परत. पण अकरा डुकरं कुणाची मेली, एवढं तरी खरं लिहा. कमाई माझी म्हणत नाही कुणी, निदान नुकसान तरी माझं म्हणा."

साहेबांनी यादी पुढं ओढली. मग 'न्दिमा' खोडून तिचं नाव लिहिलं, शेजारी 'वादग्रस्त' लिहिलं आणि पैशाची पेटी बंद केली.

सोमवारी लिका बंदरावरच्या खाणावळीत भांडी घासायला गेली. शाळेतली तिची जागा दुसरीला मिळाली.

त्याच आठवड्यात गावातल्या तीन विधवा कोंगाच्या दारी आल्या. पुढच्या यादीत आपलं नाव कसं घालायचं, हे त्यांना विचारायचं होतं. कोंगानं त्यांना आत घेतलं आणि न्दिमाच्या घराकडं उघडणारं दार सताड उघडंच ठेवलं.