दोन्ही प्रतींतलं वर्तुळ

गालिचे विणणाऱ्या त्या कारखान्यात ती बारा वर्षांनी परतली. मागांची खडखड तशीच होती. फक्त तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांची रिकामी खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी होती. मागांना नक्षी पुरवणारा प्रोग्रॅम तिने आणि मास्तरांनी मिळून सी भाषेत लिहिला होता. पूर्वी कुणी नक्षी अर्ध्यावर रद्द करत नसे. आता करू लागले होते, आणि रद्द केली की सगळे माग एकदम गप्प. आज दोष सापडला नाही तर उद्या प्रोग्रॅमच मोडीत निघणार होता.

तिने कपाटातून छापील कागद काढले. एक प्रत मास्तरांची, एक तिची. मॅलॉक हा शब्द लिहून संगणकाकडे मेमरी मागितली की समासात वर्तुळ काढायचं आणि ती फ्री करणारी, म्हणजे परत सोडणारी, ओळ लिहिली की ते भरायचं, हा मास्तरांचा दंडक. उघडं वर्तुळ ठेवून घरी जायची सोय नव्हती. दोन्ही प्रती तिने प्रथमच शेजारी मांडल्या. नक्षीच्या मेमरीचं वर्तुळ तिच्या प्रतीत निळं भरलेलं होतं. त्यांच्या प्रतीतही भरलेलं, लाल.

तिने फोन लावला.

"मास्तर, रद्द झालेल्या नक्षीची मेमरी तुम्हीही सोडलीत?"

"त्या दिवशी तुझं लेकरू तापाने फणफणलं होतं, तू घाईने निघालीस. तू विसरलीस असं वाटलं, म्हटलं आपणच उरकावं."

"मी अर्ध्या वाटेतून परत आले होते. सोडली आणि पळाले."

"आणि पॉइंटर नल केलास?"

तिने आपल्या प्रतीत फ्रीच्या ओळीखाली बोट फिरवलं; तिथे कोरी जागा होती.

"म्हणजे नाही. जागा सोडली की पत्ताही पुसायचा, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. पत्ता राहिला की मागून येणारा त्याच दारात जाणार, तीच जागा पुन्हा सोडणार आणि प्रोग्रॅम कोसळणार."

"मागून येणारे तुम्हीच होतात."

"मीच. काढ माझी ओळ. ज्याने मागितली त्याने परत करावी."

तिने स्वतःच्या ओळीखाली पॉइंटर नल करणारी, बारा वर्षं राहून गेलेली ओळ लिहिली. मग नक्षी मुद्दाम अर्ध्यावर रद्द केली. माग क्षणभर थबकला, आणि शांतपणे पुढची नक्षी मागू लागला. तिने तीनदा करून पाहिलं.

"काढलीस?"

"नाही. नल पॉइंटर पुन्हा फ्री केला तरी काही बिघडत नाही. राहू दे तुमची ओळ."



"मग शेजारी कारण लिहून ठेव," मास्तर म्हणाले, "नाहीतर पुढचा कुणी शहाणा काढून टाकेल."